वल्हं उभं, चूल पेटव

मी एक जुनं वल्हं आहे. माझ्या पात्यात अंगठा जाईल एवढं भोक आहे. हसू नका मित्रांनो, ते किड्यांनी पोखरलेलं नाही!

मला इग्नेशियस म्हाताऱ्याने एका अखंड फळीतून तासलं आणि थोरल्या लेकीला, एस्मीला दिलं. ती कुयुनी नदीच्या या काठी, गयानात राहते. धाकटी लोरेन्झा लग्न होऊन पलीकडे, व्हेनेझुएलात गेली. आमच्या नदीची एक रीत आहे. होडीतून वल्हं उभं उंच धरलं, की समजायचं, 'जेवायला येतेय, चूल पेटव.' काठावर धूर दिसला, की 'ये.' धूर नाही, तर मुकाट्याने मागे फिरायचं. किती वर्षं मी असं मिरवलं! "आलं बाई हावरट वल्हं!" लोरेन्झा काठावरूनच ओरडायची.

एकदा तिचा मुलगा शाळेचा नकाशा घेऊन आला. "मावशी, आमच्या पुस्तकात तुझ्या गावावर पट्टे मारलेत. ते आमचंच आहे म्हणे!"

"पट्टे? मग चादर म्हणून पांघरते की," एस्मी म्हणाली. सगळे खदखदून हसले.

पुढे नदीवर नवे शिपाई आले. कुठल्या देशाचे, ते विचारू नका. मला दोन्हीकडचे बूट सारखेच दिसतात. बायका हळू बोलू लागल्या. पाण्यावरची गाणी थांबली.

लोरेन्झाचे बाळंतपणाचे दिवस भरले होते. एस्मी कसाव्याची गरम भाकरी फडक्यात बांधून निघाली. मधोमध आलो आणि कोणीतरी भोंग्यातून दरडावलं. "नवीन आहेत बिचारे," एस्मी पुटपुटली. "सांगू या, जेवायला चाललोय." तिने मला उभं धरलं.

त्या शहरी पोरांना मी बंदूक वाटलं.

गोळी माझ्यातून आरपार गेली. मला पुन्हा उचलायला नको म्हणून होडीत आडवं टाकून एस्मी तळहातांनी पाणी मारत परतली. बाळ मावशीशिवायच जन्मलं.

तेव्हापासून मी दारामागे. तेल नाही, पाणी नाही. अंगाला भेगा पडल्यात. काल भरदुपारी एस्मीने मला उचललं आणि भोकातून पलीकडे पाहिलं. लोरेन्झा बाळाला पाठीशी बांधून होडीत उभी होती. तिचं वल्हं उंच होतं. वळणावरचे शिपाई उठून उभे राहिले.

एस्मी धावली. चुलीवर रस्सा उकळत होता. तिने हंडाभर पाणी चुलीत ओतलं. आधी पांढरा लोट उठला, लोरेन्झाला तो 'ये' वाटला तर! मग धूर विरला.

पलीकडचं वल्हं कितीतरी वेळ तसंच उभं होतं. मग खाली आलं.

मित्रांनो, तुमच्या घरच्या वल्ह्याला तेल लावत जा. आणि कोणी काही उंच धरलं, तर आधी विचारा, "भूक लागली का?"

आज दुपारीही एस्मीने चूल पेटवली नाही. पोरांनी गार भाकरी खाल्ली.