एकाच ताग्यातले तीन शर्ट

मंडळी, शेजारधर्म मोठा की शपथ? तुमच्या-माझ्यावर ही वेळ येऊ नये, पण शिंपीकाकांवर आली.

बायको देवाघरी, लेक लांब सासरी. काकांशी दिवसभर बोलणार कोण? एक शिलाई मशीन आणि दुसरा समोरचा चष्मेवाला. रोज दुपारी तो चहाचे दोन ग्लास घेऊन यायचा आणि म्हणायचा, "काका, सुईत दोरा जाईना, आता तरी माझं गिऱ्हाईक व्हा!" तेवढाच काय तो काकांचा गोतावळा.

एका पहाटे चष्म्याचं दुकान फुटलं. फिरायला निघालेल्या काकांना पळणारा माणूस पाठमोरा दिसला. अंगात हिरव्या पट्ट्यांचा शर्ट, तोही काकांच्याच हातचा! तसा शर्ट त्यांनी एका रंगाऱ्याला शिवून दिला होता. काकांनी पोलिसांना तसं सांगितलं आणि रंगारी आत गेला.

साक्षीच्या आदल्या दिवशी चष्मेवाला म्हणाला, "काका, चेहरा पाहिला एवढंच म्हणा. साऱ्या गल्लीला माहीत आहे तोच चोर! नसेल तर करू दे ना सिद्ध, की घरी झोपला होता!"

काका 'बरं' म्हणून बसले. पण घास उतरेना. मापांची वही काखेत मारून ते सरकारी वकीलबाईंकडे गेले.

"बाई, वहीत पाहिलं, त्या हिरव्या पट्ट्यांच्या ताग्यातले तीन शर्ट तिघांना शिवून दिलेत मी. आणि चेहरा पाहिलेला नाही. आता खटला पडेल?"

"पडेल बहुतेक."

"मग तुम्ही चिडत कशा नाही?"

"काका, चोरी झाली हे मी सिद्ध करायचं आणि ती यानेच केली, हेही मीच. त्याने तोंड उघडलं नाही तरी चालतं. रास्त शंका उरली तर तो सुटायलाच हवा." बाई पुढे म्हणाल्या, "त्या पहाटे रस्त्यावर तुम्हीही होतात. उद्या कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर तुम्ही घरून कधी निघालात हे कोण सांगेल?"

काकांना आपलं रिकामं घर आठवलं. खरंच, कोण सांगणार!

दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं. रंगारी सुटला आणि काकांचा चहा तुटला. दुपार खायला उठायची. समोरचा माणूस समोर असून नजर देत नव्हता. काका फार एकटे पडले.

तीन महिन्यांनी चष्मेवाला पँट घेऊन आला. "कमरेत सैल करायचीय."

काकांनी टेप लावली. तो पुटपुटला, "तोच असला तर?"

"असेलही. पण 'असेल' म्हणून कुणाला तुरुंगात घालायचं नसतं रे." आणि काकांनी बाईंचा प्रश्न त्याला जसाच्या तसा सांगितला.

चष्मेवाला स्टुलावर टेकत म्हणाला, "मीही एकटाच झोपतो, काका."

मंडळी, संशय घ्यायला काही लागत नाही. पुरावा मात्र आणावा लागतो, आणि तो बोट दाखवणाऱ्यानेच आणायचा असतो. आज ती सोय रंगाऱ्याच्या कामी आली. उद्या ती आपल्याला लागेल.