बाबुरावांचे पाय

धारगळला महामार्गालगतच्या शेतात निळ्या ताडपत्रीचा मांडव, मांडवात दोन-अडीचशे माणसं, आणि सगळ्यांचे डोळे एका पत्र्यावर. साधा छपराचा पत्रा, फेब्रुवारीच्या उन्हात सकाळपासून तापत ठेवलेला. ब्रदर जेरोम यांनी आधी एका धट्ट्याकट्ट्या तरुणाला त्यावर उभं राहायला सांगितलं. तो दोन पावलं टाकून उडी मारून खाली आला आणि लोक पोट धरून हसले.

मग गोकुळदास आला. साठीचा माणूस, पूर्वी खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर. चपला काढून तो पत्र्यावर चढला, टोकापर्यंत गेला, परत आला आणि मधोमध उभा राहिला.

"चटका बसतोय?" ब्रदरनी विचारलं.

"नाय."

"महिन्याभरापूर्वी या पायांवर चादर सहन होत नव्हती! आज? स्तुती होईपर्यंत उभा राहा, प्रभूच्या माणसा!"

स्तुती बरीच लांबली. बायकांनी डोळे पुसले. मी माईक धरून बाजूला उभा होतो.

मी आग्नेल, वय बावीस, राहणार वेंगुर्ला. बारावीनंतर चार वर्षं घरी बसलेल्या मुलाला कुणीतरी 'एक मोसम देवासाठी दे' म्हटलं की बरं वाटतं. मी दिला. नाताळ संपल्यापासून होळीच्या शिगम्यापर्यंत पेडणे तालुक्यातली गावं फिरायची, लोकांची दुखणी वहीत लिहायची आणि रविवारी त्यांना मांडवात आणायचं. ब्रदर जेरोमची मंडळी कुठल्याच चर्चची नव्हती. आमच्या गावच्या पाद्रींनी मला एवढंच विचारलं होतं, "दुखणी लिहून घेऊन करतात काय रे?" मी म्हणालो, प्रार्थना. वहीच्या पानांचे फोटो काढून मी दर शनिवारी 'प्रार्थना साखळी'च्या नंबरवर पाठवत असे. साखळीतली माणसं रात्रभर जागून प्रार्थना करतात असं मला सांगितलं होतं.

गोकुळदासच्या घरी मी जानेवारीत गेलो. तो घरी नव्हता. त्याची बायको शेवंती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. नवऱ्याला मधुमेह, दोन वर्षं पायांची आग आग, झोप नाही, असं सगळं तिने भडाभडा सांगितलं. मी लिहून घेतलं.

"काकी, काकांचं नाव?"

ती पदराआड हसली. "आमच्या घरातल्यांचां?"

"हो. काय लिहू?"

"लिही रे पुता, घरातले म्हणान."

दारावर रंगाने एक नाव लिहिलेलं होतं, बाबुराव. मी बोट दाखवलं. "हे का?" तिने वर पाहिलं आणि मान अशी काही हलवली की ती हो पण नव्हती आणि नाही पण नव्हती. माझी आजी आजोबांना आयुष्यभर 'आयकलांत?' म्हणत आली. तेव्हा मला कळायला हवं होतं. पण अजून बारा घरं राहिली होती. मी वहीत लिहिलं: बाबुराव, धारगळ, पाय जळतात, अंगणात लाल मिरच्या.

त्या रविवारी ब्रदर जेरोमनी डोळे मिटले, एक हात कानाशी नेला आणि आकाशवाणी ऐकत असल्यासारखे डोलू लागले.

"मला दिसतंय... एक घर... अंगणात लाल मिरच्या... एक पुरुष... ब... बा... बाबुराव! बाबुराव, कुठे आहेस? तुझे पाय जळतायत!"

कुणी उठलं नाही. मी शेवंतीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. शेवटी तिच्या शेजारचा माणूस उभा राहिला. तो गोकुळदास.

"बाबुराव माझो बापूस. आठ वर्सां झाली तेका जावन. पाय माझे जळतत."

ब्रदरनी डोळे उघडून त्याला वरखाली पाहिलं. मग दोन्ही हात वर. "पाहा! प्रभू मेलेल्या पित्याच्या नावाने जिवंत पुत्राला हाक मारतोय!"

मांडव नुसता दणाणला. चूक सापडली तर चमत्कार लहान व्हायला हवा. इथे तो दुप्पट झाला. त्या माणसाच्या बापाचं नाव देवाला माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. पण माझी चूक देवाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ती माझ्या वहीत होती आणि साखळीच्या नंबरवर होती. मला त्याच जागी सगळं कळलं. आणि खरं सांगतो, मला काहीच वाटलं नाही. लाज नाही, राग नाही. मी टाळ्या वाजवल्या. पुढचे पाच रविवार मी वही भरत राहिलो, फोटो पाठवत राहिलो, जेवलो, झोपलो.

पत्र्याच्या कार्यक्रमानंतर पाच दिवसांनी, शुक्रवारी, मी गोकुळदासला पुढच्या रविवारचं सांगायला गेलो. शेवंती केर काढता काढता थांबली होती. विहिरीपासून ओसरीच्या बालकांवापर्यंत जमिनीवर रक्ताचे ठिपके होते.

"खंय लागलां तुमका?" तिने नवऱ्याला विचारलं.

"माका? खंय नाय."

तिने त्याचा पाय उचलला. चपलेच्या तळातून पत्र्याचा खिळा आरपार वर आला होता आणि तळव्यात रुतला होता. आजूबाजूला पत्र्यावरचे फोड फुटून चिघळले होते. तो त्या खिळ्यावर सकाळपासून चालत होता.

स्कूटरवर मधे त्याला बसवून आम्ही दोघांनी सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर ऋतिका या तरुण बाई. त्यांनी जखम धुतली आणि ड्रॉवरमधून नायलॉनचा बारीक धागा काढला, गळाला लावतात त्या तंगुसासारखा.

"काका, डोळे मिटा. पायाला धागा लागला की 'हां' म्हणा."

त्याने डोळे मिटले. डॉक्टरांनी धागा अंगठ्याला टेकवला, इतका दाबून की तो वाकला. मग करंगळीला. टाचेला. दुसऱ्या पायाला. मी मोजलं, दहा जागा झाल्या. एकदाही 'हां' आलं नाही. गोकुळदास शहाण्या मुलासारखा डोळे मिटून बसला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "सुरू कधी करतलात?"

शेवंतीने भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टरांनी धागा खाली ठेवला. "मधुमेहाच्या गोळ्या कधी बंद केल्या?"

"चमत्कार झालो तेव्हापासून. आता आग नाय ना."

"आग होत होती तेव्हा तुमच्या नसा ओरडत होत्या, काका. साखरेने त्या मेल्या. आता ओरडत नाहीत. याला बरं होणं म्हणत नाहीत. आजच मोठ्या इस्पितळात जा, नाहीतर पाय जाईल."

"आयतारी ब्रदरान बोलावलाहा. तो बरो करीत."

"रविवारपर्यंत थांबू नका."

गोकुळदासचा आवाज चढला नाही. "तेणी माझ्या बापाशीक हाक मारली, डॉक्टर. तुमका माझ्या बापाशीचां नाव म्हायत आसा?"

ब्रदरना ते नाव कसं कळलं, याचं उत्तर त्या खोलीत एकाच माणसाकडे होतं आणि तो माणूस स्वतःच्या चपलांकडे बघत होता. शेवटी आम्ही पट्टी बांधून घेऊन परत आलो. त्याच्या पायाचे दोन दिवस मी असे घालवले.

रविवारी मांडव भरला. पत्रा तापला होता. ब्रदर जेरोमनी पट्टी पाहिली आणि म्हणाले, "सोड ती! प्रभूने बरा केलेल्या पायाला माणसाची चिंधी कशाला?"

गोकुळदास वाकला. गाठ सुटायला लागली. माईक माझ्याकडे होता.

"थांबा काका," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला, कुणीतरी सरकारी नोटीस वाचावी तसा. "आज ब्रदर कुणाला हाक मारणार ते मी आधी सांगतो. सेजल, पाठदुखी, घरामागे फणस. श्रीनाथ, दमा, भाऊ दुबईला. शालिनी, गुडघे." मी फोन वर धरला. "हे मी काल पाठवलेले फोटो."

तिसऱ्या रांगेतली सेजल अर्धवट उठली आणि तशीच राहिली. लोक एकमेकांकडे बघू लागले.

"सैतान!" ब्रदर गरजले. "सैतान या पोराच्या तोंडून बोलतोय!"

"बाबुराव हे नावही मीच लिहिलं होतं. दारावरचं बघून. चुकून."

गोकुळदासने मान हलवली. तो रागावलासुद्धा नव्हता. "खोटां बोलतंस, पुता. घरात शेवंती एकटी होती. ती माझ्या बापाशीचां नाव कोणाक सांगूची नाय. चाळीस वर्सांत घेऊक नाय तिणी."

ते खरंच होतं, आणि त्याची सगळी श्रद्धा त्याच खऱ्यावर उभी होती. दोन-अडीचशे माणसं शेवंतीकडे वळली. ती उठली. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"मी सांगूक नाय," ती म्हणाली. "हेणी दारार वाचलां, आणि मी नाय म्हणूक नाय. नाय म्हणूचां तर खरां नाव घेवक व्हयां. म्हणान गप रवलंय." ती थांबली. मग मोठ्याने म्हणाली, "बाबुराव माझ्या सासऱ्याचां नाव. माझ्या घोवाचां नाव गोकुळदास."

गोकुळदास बायकोकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत त्याने स्वतःचं नाव तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्याने हळूच पट्टीची गाठ परत बांधायला घेतली. ती त्याला जमेना. शेवंतीने बांधली.

ब्रदर जेरोम बराच वेळ सैतानावर बोलत होते म्हणे. ऐकायला मी थांबलो नाही, आम्ही इस्पितळात निघालो होतो. दुसऱ्या दिवशी शेतात फक्त खुंट्यांची भोकं होती. दुसऱ्या कुठल्या तालुक्यात निळी ताडपत्री लागली असेल.

उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाल्या, आठ दिवस आधी आला असता तर बोटंही राहिली असती. माझे पाच रविवार मी त्या हिशेबात धरतो. अजूनही मला त्याचं रडू येत नाही. यायला हवं एवढं कळतं.

मी अजून चर्चला जातो. भांडण देवाशी नाही, वहीशी आहे. म्हणून सांगतो, मांडव कुठल्याही धर्माचा असो. तुमचं दुखणं कुणी न सांगता ओळखलं, तर आठवा, गेल्या आठवड्यात तुमच्या अंगणात वही घेऊन कोण आलं होतं. दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका, तपासून घ्या. चालू गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि कुणी चुकीचं लिहून घेत असेल, तर रीतभात बाजूला ठेवा आणि तिथल्या तिथे नाही म्हणा.

रोज संध्याकाळी शेवंती नवऱ्याचे तळवे मांडीवर घेऊन तपासते, खिळा, काटा, फोड. परवा मी गेलो तेव्हा तेच चाललं होतं. तिने पाय खाली ठेवला आणि आत चहा टाकायला गेली.

"आता नाव घेते का काकी?" मी विचारलं.

"नाय रे," गोकुळदास म्हणाला. "गरज लागली तेव्हा घेतलां."