टाकीतला वारा

साडेदहाला वायरमनचा फोन आला, आणि त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मला आधी काही वाईट सुचलंच नाही.

"मॅडम, तुमचा नवा पंखा बसवला बरं का! आठपासून चालू आहे. नळ्याच्या टोकाला फीत बांधून बघितली, मस्त फडफडतेय. तिघं उतरलेत टाकीत. तुमचा धाकटा भाऊही."

"आवाज कसा आहे?"

"आहे जरा. घशात घास अडकल्यासारखा घरघरतोय. नवीन आहे, बसेल हळूहळू."

"आणि मीटर?"

"आता राग मानू नका. तुम्ही म्हणाला होता, जुन्याच्या पाऊणपटीत भागेल. नवा पाहुणा लाजून कमी जेवेल म्हटलं, तर हा परातच पुढ्यात ओढून बसलाय! जुन्यापेक्षा जास्त वीज खातोय." तो हसला. "ठेवतो हां. आत फोन न्यायचा नसतो, पेटीत टाकावा लागतो."

फोन ठेवला आणि मी पुन्हा कागदाकडे वळले. पेन्सिल हातात घेतली. दोन रेघा मारल्या असतील. तिसरी रेघ कागदावर उमटलीच नाही.

घरघर. जास्त खातोय. फीत फडफडतेय.

मी पेन्सिल खाली ठेवली.

आमचा कारखाना हवा ढकलणारे पंखे बनवतो. छताला लटकणारे नव्हेत. हे पत्र्याच्या शंखात बसवलेलं चाक असतं. चाकाच्या पोटातून हवा आत शिरते, पात्यांनी भिरकावली जाते आणि शंखाच्या तोंडातून नळ्यात सुटते. आमचे मिस्त्री तीस वर्षं एकच पंखा बनवत आले. त्याची पाती पट्टीसारखी सरळ. चाक इकडून फिरवा नाहीतर तिकडून, वारा तेवढाच. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि तीन वर्षं त्या पात्याशी भांडत बसले. सरळ पात्यावर हवा आपटते, भोवरे खाते, अर्धी ताकद वाया घालवते. मी पाती मागे कलवली, फिरण्याच्या दिशेकडे पाठ करून बसल्यासारखी, म्हणजे हवा त्यांच्यावरून कशी अलगद निसटते, निजलेल्या लेकराच्या अंगाखालून आईने हात काढून घ्यावा तशी. चाचणीत आकडा आला तेव्हा मिस्त्रींनी तो पुन्हा मोजून बघितला. मग म्हणाले, "पोरी, जिंकलीस."

पण मागे कललेल्या पात्याला एकच दिशा चालते. ते उलटं फिरलं तर कुणालाही वाटेल की हवा उलटी खेचली जाईल. तसं होत नाही. हवा त्याच तोंडातून बाहेर पडते, फक्त निम्मी, निम्म्याहूनही कमी. चाक घरघरतं, वीज जास्त ओढतं. आणि फीत? फितीला फडफडायला किती वारा लागतो? फुंकरीनेही ती उडते.

मोटरच्या तीन वायरींतल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या की चाक उलटं. ते कळावं म्हणून जगभर पंख्याच्या कवचावर बाण काढतात. आमच्या कारखान्यात बाण काढायची रीतच नव्हती. सरळ पात्याला बाण कशाला? आणि मी, जिने पात्याची वळणं केसाएवढ्या फरकाने मोजली, त्याच कारखान्यात वाढलेली. मलाही बाण सुचला नव्हता.

मी वायरमनला फोन लावला. वाजत राहिला. पेटीत. धाकट्याला लावला. वाजत राहिला. पेटीत. सगळे फोन एका पत्र्याच्या पेटीत एकमेकांना उशाशी घेऊन वाजत असणार आणि ऐकायला कुणी नसणार.

"मिस्त्री, टेम्पो काढा!"

"काय झालं?"

"चाक उलटं फिरतंय."

"मग फिरू दे की, त्यात काय—" म्हणता म्हणता त्यांना नवी पाती आठवली. त्यांनी किल्ली उचलली.

टाकी शहराच्या दुसऱ्या टोकाला, रसायनांच्या कारखान्यात. दोन मजली उंच, पोलादी, तेजाब साठवायची. तेजाबाने लोखंड खाऊ नये म्हणून आतून रबराचं अस्तर लावतात, हेच धाकट्याचं काम. ते चिकटवायला लागतं सोल्युशन. सायकलच्या पंक्चरला लावतात तसलंच, पण इथे पिंपंच्या पिंपं. त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, तळाशी बसते, पाण्यासारखी चढत जाते. घोट्याला, गुडघ्याला, छातीला. माझ्या पंख्याने नळ्यातून तळाशी ताजी हवा सोडायची आणि ती वाफ वरच्या भोकातून हाकलून लावायची. दर तीन मिनिटांना टाकीतली सगळी हवा नवी, असा हिशेब मी करून दिला होता. पुऱ्या वाऱ्याचा हिशेब.

आठपासून चालू. आता अकरा वाजत आले होते.

"जरा दाबा ना मिस्त्री."

"टेम्पो आहे पोरी, विमान नव्हे." त्यांनी गिअर बदलला. "माझ्यामुळे झालं. मीच तुम्हाला सगळ्यांना शिकवलं, कसाही फिरवा म्हणून."

"नका बोलू."

"बरं."

थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बोल काहीतरी. गप्प बसलीस की मला जास्त भीती वाटते."

मला धाकटा आठवत होता. तो तान्हा असताना त्याला दम लागायचा. आई कामावर जायची, मी आठ वर्षांची, त्याला मांडीवर उभा धरून बसायचे आणि त्याच्या छातीतली शिट्टी ऐकत राहायचे. शिट्टी थांबली की बरं वाटायचं, आणि लगेच भीती वाटायची, की का थांबली?

फाटकावरच्या पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला सांगितलं. मिस्त्रींनी त्याच्या हातातलं पेन घेतलं, "मी लिहितो सगळं, तुझं, माझं, माझ्या सासऱ्याचंसुद्धा, हिला जाऊ दे," आणि मी धावत सुटले.

टाकीला लोखंडी जिना. वर भोकाशी राखण्या बसलेला. त्याचं कामच ते, आतल्या माणसांवर नजर ठेवायची, म्हणून सगळे त्याला राखण्याच म्हणतात. तो बिडी न ओढता नुसतीच दातात धरून बसला होता, खुशीत.

"या ताई! आज मंडळी मजेत आहेत. गाताहेत."

"कोण गातंय?"

"ऐका की."

मी भोकाशी वाकले. खालून गोड, गुळचट, डोकं जड करणारा वास आला आणि त्या वासातून आवाज आला. धाकट्याचा. चारचौघांत कधी तोंड न उघडणारा माझा भाऊ टाकीच्या तळाशी खदखदून हसत होता आणि मधूनच गात होता. मी त्याला मांडीवर घेऊन म्हणायचे, तेच.

*वाऱ्या रे बाई वाऱ्या, हळूच दार लोट*
*भाऊ माझा निजला गं, त्याच्या पापणीला बोट*

पोलादाच्या भिंतींवर आपटून ते शब्द घागरीतून आल्यासारखे वर येत होते. ही वाफ माणसाला आधी हसवते. मग गायला लावते. मग निजवते.

"ओढा त्यांना! तिघांनाही! वाफ चढलीय त्यांना!"

राखण्याच्या दातातली बिडी पडली. जवळच्या मजुरांनी भोकावरच्या तिवईवरची चरखी फिरवली. तिघांच्या कमरेला दोर होते. पहिला वर आला, हसत हसत, मग ओकला. दुसऱ्याला पाय टेकता येईनात. तिसरा दोर मात्र ताणला गेला आणि थांबला.

"अडकला," राखण्या म्हणाला. "कामासाठी उभारलेल्या परांचीच्या मागून दोर गेलाय. तो पलीकडच्या कोपऱ्यात आहे. ओढला तर परांची त्याच्याच डोक्यावर येईल."

मिस्त्री धापा टाकत जिना चढून आले होते. त्यांनी दोराकडे बघितलं, भोकाकडे बघितलं आणि सरळ आत पाय घातला. मी त्यांची कॉलर धरली.

"मिस्त्री, नाही! वाचवायला उतरणारा दुसरा पडतो. नेहमी दुसराच पडतो."

"माझ्यासमोर वाढलाय तो!"

"माझ्या मांडीवर वाढलाय. मागे व्हा."

मी एवढं कुठून बोलले मला ठाऊक नाही. खाली पंख्यापाशी वायरमन उभा होता, काय चुकलंय ते त्याला आत्ता कुठे उमगत होतं.

"वायरी बदल! कुठल्याही दोन!"

"मॅडम, त्यासाठी बंद करावा लागेल. दोन मिनिटं तरी."

दोन मिनिटं. आहे तो तुटपुंजा वाराही नाही. मी ज्याला हवा द्यायला निघाले होते, त्याची हवा माझ्याच तोंडून बंद करायला सांगायची. आणि वायरी बदलूनही माझा अंदाज चुकला असला तर? घरघर दुसऱ्याच कशाची असली तर?

खालून गाणं चालू होतं. *हळूच दार...* 

"बंद कर."

चाक जड होतं, थांबायला वेळ घेत होतं. घरघर उतरत गेली. मी जिना उतरून कवचाच्या जाळीतून बघितलं. मंदावणारी पाती दिसायला लागली. पात्यांचं पोट पुढे होतं, पाठ पुढे असायच्या ऐवजी. उलटंच. मी खिशातला खडू काढला आणि कवचावर हातभर बाण ओढला. "असं! असं फिरलं पाहिजे!"

वायरमनच्या हातातला पाना निसटला. पुन्हा उचलला. पुन्हा निसटला. मिस्त्रींनी खाली येऊन त्याचं मनगट धरलं, "सावकाश, राजा. सावकाश कर, म्हणजे लवकर होईल."

सगळं शांत झालं होतं. त्या शांततेत गाणं स्पष्ट ऐकू येत होतं.

*भाऊ माझा निजला गं, त्याच्या...*

आणि थांबलं.

मी पुढच्या शब्दाची वाट बघितली. आला नाही. मी वर धावले, भोकात तोंड घालून ओरडले. त्याला घरात कुणीही मोठ्या नावाने हाक मारत नाही, पण मी त्याला सगळ्या नावांनी हाका मारल्या, धाकट्या, सोन्या, माकडा, आणि शेवटी त्याच्या शाळेच्या दाखल्यावरचं नावही. माझाच आवाज फिरून माझ्याकडे आला.

मग खाली खटका वाजला.

या वेळी घरघर नव्हती. नुसता घुमारा, खोल, सलग. आणि काही क्षणांतच भोकातून वाफेचा लोट माझ्या तोंडावर आला, इतका दाट की डोळ्यांतून पाणी आलं. राखण्याने मला मागे ओढलं. "निघाली! वाफ निघाली!" तो नाचायचा बाकी राहिला होता. मला मात्र वाटत होतं, इतकी वाफ आत होती. इतकी वाफ आत होती आणि तो त्यात होता.

एक मिनिट. दोन. भोकावरचा वास पातळ होत गेला. तीन. माझा हिशेब होता, तीन मिनिटांत सगळी हवा नवी. चौथं मिनिट सुरू झालं आणि मी माझ्या हिशेबाला मनातल्या मनात शिव्या घालत होते, तेव्हा तिसरा दोर हलला.

"धाकट्या!"

"काय गं..." चिडका, झोपेतला आवाज. "ओरडतेस काय? डोकं दुखतंय."

"दोर सोडव. परांचीच्या मागून काढ. ऐकतोयस का? दोर!"

"कुठला दोर?"

"तुझ्या कमरेचा, गाढवा!"

त्याला तो सोडवायला अकरा मिनिटं लागली. एकदा सोडवून त्याने पुन्हा तसाच अडकवला. एकदा खाली बसला आणि म्हणाला, "जरा पडतो." त्या वेळी मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी चरखी फिरली, त्याचं डोकं भोकातून वर आलं, ओठ निळसर, केस घामाने चिकटलेले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला "आई" म्हणाला.

दवाखान्यात दोन दिवस ठेवलं. नळी नाकात, डोकं ठणकत, आणि मधूनच ओकाऱ्या. बाकीचे दोघे संध्याकाळी घरी गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आत हवा खेळती नव्हती का? मी म्हटलं, "होती. मी दिली होती. कमी दिली." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

धाकट्याला मी दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. चाकाचं, पात्याचं, माझं. तो छताकडे बघत ऐकत होता.

"म्हणजे पंखा चांगला आहे."

"धाकट्या, तू मेला असतास."

"ते आहेच. पण पंखा चांगला आहे ना?" मग जरा वेळाने, भिंतीकडे तोंड करून, "अस्तर अर्धंच झालंय. मला परत उतरायचंय ताई. आणि मला आता भीती वाटते."

त्याने आयुष्यात मला हे पहिल्यांदा सांगितलं.

आठवड्याने आम्ही पुन्हा त्या भोकाशी उभे होतो. पंखा घुमत होता, वाफ मोजायचं नवं आणलेलं यंत्र गुमान होतं, राखण्या दोर तपासत होता, चौथ्यांदा. धाकट्याने कमरेला पट्टा बांधला आणि भोकाच्या काठावर बसून राहिला. पाय आत, हात काठाला घट्ट. कुणीच त्याला घाई केली नाही.

"बाजूला सर," मी म्हटलं. "पट्टा दे."

"तू? तू कधी उतरलीयेस का टाकीत?"

"नाही. म्हणून तर."

तो वाद घालणार होता, पण त्याच्या हातांनी आधीच बकल सोडलं होतं. मी शिडीवरून उतरले. वीस पायऱ्या. आत अंधार, पिवळा दिवा आणि रबराचा वास. वर आभाळाची एक गोल चकती, तिच्यात त्याचं डोकं. मी परांचीला वळसा घालून पलीकडच्या कोपऱ्यात गेले, तो जिथे पडला होता तिथे, आणि तळाशी बसले. नळ्यातून वारा येत होता. गार, सलग. माझ्या घोट्यांवरून, गुडघ्यांवरून, छातीवरून वर चढत होता. माझं काळीज इतकं धडधडत होतं की पंखा ऐकू येईना.

"ताई? काय गं?"

"ठीक आहे."

"मग येऊ खाली?"

मी डोळे मिटले. खोल श्वास घेतला. सोडला. पुन्हा घेतला.

"थांब," मी वर ओरडले. "अजून थोडा वेळ बसते."