डाव्या बाजूचा पडदा

अपघात झालेली गाडी बघायची आणि तिचा मालक किती खोटं बोलतोय ते ठरवायचं, हा माझा धंदा. विमा कंपनी मला त्याचेच पैसे देते. कुत्रं आडवं आलं म्हणून शपथा घेणाऱ्याच्या बंपरवर मला भिंतीचा चुना दिसतो. गाडी चोरांनी फोडली म्हणून रडणाऱ्याच्या काचा आतून फुटलेल्या असतात. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोज उठून साक्षीला उभं राहणं. म्हणू दे. नजर काही शर्टासारखी काढून खुंटीला अडकवता येत नाही.

म्हणून तर आमच्या क्लबच्या मेळाव्यात गाड्या तपासायचं काम दर वर्षी माझ्याकडे येतं. क्लब कसला, तर ट्रक किंवा पिकअपच्या मागे झोपायची, स्वयंपाकाची सोय करायची आणि रस्ते नसतील तिथे हिंडायचं, असा नाद असलेल्या लोकांचा. वर्षातून एकदा शनिवार-रविवार आम्ही तळ्याकाठच्या माळावर गाड्या गोल उभ्या करतो, घर विसरतो आणि एकमेकांच्या गाड्यांमध्ये डोकावतो. कुणाकडे फ्रिज, कुणाकडे छतावर उघडणारा तंबू. अध्यक्षांच्या ट्रकमध्ये गरम पाण्याचा शॉवर आहे. त्यांचे दातांचे तीन दवाखाने आहेत, त्यामुळे त्यांना शोभतं.

यंदा एक नवा सभासद आला होता. जुनी पिकअप, तिच्यावर स्वतः ठोकून बसवलेली प्लायवूडची खोली. लांबून बघितलं तर एखादी ट्रंक चाकांवर ठेवल्यासारखी दिसायची, म्हणून अध्यक्षांनी आल्या आल्या त्याचं नाव पेटीवाला ठेवलं. तो हसला. कुठल्याशा कंपनीत नकाशे काढायचा, ती कंपनी बंद पडली, असं तो कुणालातरी म्हणाल्याचं माझ्या कानावर आलं होतं. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी. दोन वेण्या, पुढचा एक दात किंचित वाकडा, आणि तोंडाला विश्रांती नाही.

"आज पहिल्यांदाच मी बाबांकडे राहायला आलेय," तिने माझ्या बायकोला न विचारताच सांगून टाकलं. "एरवी आम्ही बागेत भेटतो. घराला रंग चाललाय ना! आई म्हणाली, तिथे बाकीच्यांची पण कुटुंबं असतील तर जा."

पेटीवाल्याने पटकन तिला पाणी आणायला पिटाळलं. आम्ही त्याला चहाला बोलावलं तर कप हातात घेऊन तो नुसता मुलीकडे बघत बसला. ती माळभर भिंगरीसारखी फिरत होती. प्रत्येक ट्रकच्या शिडीवर चढून येत होती आणि परत येऊन त्याला सांगत होती, "बाबा, सगळ्यांच्याच घरात चाकं आहेत!" हे ऐकून तो असा काही खूश झाला, की मला तेव्हाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

दुपारी तपासणी सुरू झाली. पाटी हातात धरून मी एकेका गाडीत शिरतो, मालक हौसेने दाखवतो, मी गुण देतो. पेटीवाल्याची पाळी आली तेव्हा मुलगीच पुढे झाली. "या काका, मी दाखवते!"

मी आधी बाहेरून फिरलो. टायरची नक्षी नव्यासारखी कोरी, पण कडेचं रबर भेगाळलेलं. म्हणजे गाडी पळत नाही, उभी असते. मीटरचा आकडाही तेच सांगत होता. मग मी आत गेलो आणि माझे डोळेच चमकले. आतलं सगळं झिजून गेलेलं! शेगडीच्या बटणावरचे आकडे बोटांनी पुसले गेलेले. पायरीचा रंग जाऊन मधोमध पत्रा उघडा पडलेला. गादी एकाच कुशीवर दबलेली. दाढीच्या आरशाखाली साबणाचा थर असा, की नखाने खरवडला तरी निघेना. हिंडायला न जाणारी गाडी आतून एवढी झिजते कशाने?

पण खरी मौज पडद्यांत होती. दोन्ही खिडक्यांना एकाच निळ्या कापडाचे पडदे. उजव्या बाजूचा अजून गडद, डाव्या बाजूचा पार विटून पांढरा पडलेला. फिरती गाडी असती तर ऊन दोन्हीकडून लागलं असतं. ही गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून उभी होती. असं काही सापडलं की मला जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही.

"या बाकाखाली काय आहे गं?" मी मुलीला विचारलं.

पेटीवाला दारातून म्हणाला, "साहेब, तिथे नुसतं अडगळीचं सामान आहे."

पण तोवर तिने फळी उचलली होती. आत इस्त्री, घडी करून ठेवलेले ऑफिसचे शर्ट, थंडीची रजई आणि भिंतीवरचं मोठं गोल घड्याळ.

"अय्या, हे तर आपल्या हॉलमधलं!" मुलगी म्हणाली. मग तिने शर्टांकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं, आणि वडिलांकडे वळली. "हे सगळं इथे का आणलंय?"

"रंग चाललाय ना बाळा. घरात डाग पडतील म्हणून."

"हो का," ती म्हणाली आणि फळी हळूच खाली ठेवली. त्यानंतर ती काही दाखवायला पुढे आली नाही.

आता मला कुणी सांगावं, मी चिडायला नको होतं का? आम्ही इथे लाखो रुपये घालून, सुट्ट्या वाचवून, हौसेने येतो. आणि हा माणूस राहायला दुसरी जागा नाही म्हणून ट्रकमध्ये राहतो आणि वर आमच्यासारखाच शौकीन म्हणून मिरवतो! हा क्लब आहे, धर्मशाळा नाही. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "अहो, जाऊ दे ना. तुमचं काय घेतलंय त्याने?" घेण्याचा प्रश्नच नाही. खोटं ते खोटं. मी सरळ जाऊन अध्यक्षांच्या कानावर घातलं.

अध्यक्ष आधी मोठ्याने हसले. मग म्हणाले, "थांब, याला बक्षीसच देऊ."

सूर्य तळ्यावर टेकला तेव्हा सगळे खुर्च्या टाकून गोलात बसले. उत्तम बांधणी, उत्तम स्वयंपाकघर अशी नेहमीची बक्षिसं झाली. मग अध्यक्षांनी माईक ओठांना लावला. "यंदा एक खास पुरस्कार आहे. आपण सगळे दोन दिवस घर सोडून इथे येतो. पण मित्रांनो, आपल्यात एक पठ्ठ्या असा आहे, ज्याला सोडायला घरच नाही! आमच्या परीक्षकांनी त्याचं पितळ उघडं पाडलंय. कायमचा रहिवासी, आपले पेटीवाले!"

हसण्याचा असा स्फोट झाला की तळ्यावरचे बगळे उडाले. खरं म्हणजे विनोद चांगला होता, मीही हसलो. आपल्या बाबांचं नाव पुकारलं म्हणून मुलीने सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या होत्या. मग तिचे हात तसेच जोडलेले राहिले. पेटीवाला उठला, पुढे आला, क्लबचा पत्र्याचा मग घेतला आणि "आभारी आहे" म्हणाला. एका बाईने सगळं मोबाइलवर टिपलं आणि तिथल्या तिथे क्लबच्या पानावर टाकलं.

जेवणं झाल्यावर मी टाकीपाशी ताटं धूत होतो, तेव्हा तो आला. आधी त्याने माझ्या हातातलं ताट घेऊन विसळायला सुरुवात केली.

"साहेब, तुमचं बरोबर आहे. मी ट्रकमध्येच राहतो. पण तिच्या आईला मी सांगितलंय की घर आहे. घर नाही तर मुलगी भेटायची नाही, असं ठरलंय आमचं. काम बघतोय मी, मिळेलसुद्धा. तोवर... तो व्हिडिओ तिने पाहिला आणि तुम्हाला विचारलं, तर गंमत केली होती, एवढंच म्हणाल का? तुमचा धंदाच हा आहे. तुमच्या शब्दावर तिचा विश्वास बसेल."

"बघू," मी म्हटलं.

'बघू' म्हणजे 'बघू'. पण त्याने ते 'हो' म्हणून घेतलं. ओल्या हातांनी माझा हात धरला, डोळ्यांत पाणी आणलं. मला पुरुषांचं रडणं अजिबात सहन होत नाही. मी उरलेली ताटंही त्याच्याकडे दिली आणि निघून आलो.

रविवारी सकाळी मी माझ्या गाडीवरच्या तंबूतून उतरतो तर हा कॉफीचा कप घेऊन उभा. साखर किती लागते तेही बायकोला विचारून आला होता. कॉफी चांगली होती. ती संपायच्या आत माळावर एक छोटी गाडी धुरळा उडवत आली आणि मुलीची आई उतरली. साधी, नीटनेटकी बाई. रात्रभर झोपली नसावी.

"चल, बॅग आण," ती मुलीला म्हणाली.

"एवढ्या लवकर? संध्याकाळी मीच सोडणार होतो ना तिला," पेटीवाला म्हणाला. "अगं, गंमत चालली होती ती. विचार हवं तर कुणालाही."

"बाबांचं घर आहे," मुलगी मध्येच म्हणाली. आवाज जरासुद्धा हलला नाही. "मी पाहिलंय. हिरवा रंग देतायत. हॉलला हिरवा आणि माझ्या खोलीला पिवळा. बाल्कनीसुद्धा आहे."

पेटीवाला तिच्याकडे बघतच राहिला. हे त्याने तिला पढवलेलं नव्हतं, ते मला एका नजरेत कळलं. पढवलेली साक्ष आणि मनाने उभी केलेली साक्ष यांतला फरक मला कळणार नाही तर कुणाला? आईलाही काय मानावं ते सुचेना. ती माझ्याकडे वळली.

"त्या व्हिडिओत ज्या परीक्षकांचा उल्लेख आहे, ते तुम्हीच ना? तुम्ही त्रयस्थ आहात. खरं काय ते सांगा. हा माणूस यात राहतो का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायकोने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. मुलीने तर डोळे माझ्यावरच रोखले होते. एक शब्द बोललो असतो तर सगळं मिटलं असतं, हे मला कळत होतं. मी काही मूर्ख नाही. पण आज एका मुलीसाठी बदललो तर उद्या कुणाकुणासाठी बदलायचं? आणि लहान मुलांनी इतक्या सराईतपणे खोटं बोललेलं मला मुळीच आवडत नाही.

"हो," मी म्हटलं. "राहतो. वर्षभर तरी झालं असेल." आणि अर्धवट सांगायची सवय नाही, म्हणून टायर, शेगडी, पायरी, गादी, पडदे, सगळं क्रमाने सांगितलं. बाकाखालचं घड्याळही सांगितलं.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पेटीवाल्याला म्हणाल्या, "घर झालं की कळव. तोवर बागसुद्धा नको. तू तिला खोटं बोलायला शिकवतोयस." त्यांनी मुलीची बॅग उचलली. मुलीने वडिलांच्या कमरेला मिठी मारली, ती सोडवायला थोडा वेळ लागला. गाडीत बसण्याआधी ती माझ्यासमोरून गेली, पण मोठ्यांना नमस्कार-चमत्कार काही नाही. हल्ली मुलांना शिकवतातच कुठे.

दुपारी सगळे आवरायला लागले आणि पेटीवाल्याची गाडी सुरू होईना. बॅटरीला दुसऱ्या गाडीची वायर लावून पाहिली, तरी नाही. डिझेलच्या पंपाने मान टाकली होती. आमच्या क्लबमध्ये बंद पडलेल्याला मागे टाकून जायची पद्धत नाही. सगळ्यांत ताकदवान गाडी माझी, म्हणून मी पट्टा लावला. बायको पुढच्या सीटवरून उठून मागे जाऊन बसली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे असले रुसवे मी मनावर घेत नाही. माळ ओलांडून पक्क्या रस्त्याला लागेपर्यंत पेटीवाला नुसता स्टीअरिंग धरून बसला होता.

शहर जवळ आलं तसं मी वॉकीटॉकीवर विचारलं, "कुठे सोडू?"

तो म्हणाला, "मुलीच्या शाळेच्या मागे गल्ली आहे, तिथे. मी तिथेच उभी करतो गाडी. मधल्या सुट्टीत ती पटांगणात खेळताना दिसते. तिला ठाऊक नाही, मी असतो ते. कुणालाच ठाऊक नाही."

मी त्याला बरोबर त्या गल्लीत नेऊन सोडलं. पट्टा सोडून गुंडाळून घेतला. तो उतरून माझ्याजवळ आला आणि ओढून आणल्याबद्दल त्याने आभार मानले, यातला एक शब्दही खोटा नाही. भिंतीच्या पलीकडे रिकामं पटांगण होतं.

घरी येऊन आधी मी क्लबच्या यादीतून मुलीच्या आईचा नंबर काढला. मुलांबरोबर येणाऱ्यांना मुलांच्या घरचा नंबर द्यावाच लागतो. गल्ली कुठली, गाडी कशी दिसते, डावी खिडकी पटांगणाकडे कशी उघडते, सगळं व्यवस्थित सांगितलं. बायको स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाई म्हणाल्या, बरं झालं कळवलंत, उद्याच शाळेत जाऊन बोलते. मग मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.