तिसरं वाक्य

गेल्या महिन्यात एका गुरुवारी, दुपारी चारच्या सुमाराला, वृंदाचा डावा गुडघा माझ्याकडे आला. नुसतं दुखणं आलं असं नाही, अख्खा गुडघा आला. आठवीत सायकलवरून पडली होती, तो व्रणसुद्धा आला. तिच्या पायाला त्या जागी कोरा, गुळगुळीत गुडघा फुटला. माझा स्वतःचा कुठं गेला ते मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायचं तरी कुणाला?

चूक माझीच. मी विमान चालवायला शिकत होते आणि तिथली सवय घरात आणली.

माझं फलटणला चष्म्याचं दुकान आहे. वय चोपन्न, लग्न केलेलं नाही. या वयात बायका पेटी शिकतात, रांगोळीच्या क्लासला जातात. मी भेंडवडीच्या माळावर जाऊन दोन सीटचं विमान शिकायला लागले. लोक म्हणाले, नीलाला वेड लागलं. लागलं तर लागलं. दर गुरुवारी दुकान बंद असतं, तेव्हा माझ्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी दुपारी घरी येतात. वृंदा क्रोशाचं विणकाम आणते आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवते. शरयू पूर्वी कुंडीतली बुटकी झाडं आणायची, आता काहीच आणत नाही. चार वर्षांपूर्वी तिची मृण्मयी तीन दिवसांच्या तापात गेली. एकोणीस वर्षांची होती. तेव्हापासून शरयू येते, बसते आणि चहा गार होऊ देते.

आता सवयीचं सांगते. विमानात शिकवणारा आणि शिकणारा शेजारी शेजारी बसतात आणि दोघांच्याही समोर एकेक दांडी असते. दोन्ही दांड्या एकच विमान हलवतात. म्हणून विमान एकानं दुसऱ्याच्या हाती देताना तीन वाक्यं बोलायची असतात. देणारा म्हणतो, "तुमच्याकडे." घेणारा म्हणतो, "माझ्याकडे." मग देणारा पुन्हा म्हणतो, "तुमच्याकडे," आणि तेव्हाच हात काढतो. तिसरं वाक्य येईपर्यंत विमान दोघांचं असतं. मला शिकवणारे कॅप्टन सासवडे म्हणतात, दोघांचं विमान म्हणजे पडायला टेकलेलं विमान.

ते इतकं तोंडात बसलं की मी घरी किटलीसुद्धा तशीच द्यायला लागले. "किटली तुझ्याकडे." वृंदा म्हणायची, "माझ्याकडे." "तुझ्याकडे." मग हसायचो. शरयूही अधूनमधून ओठ हलवायची. त्या गुरुवारी वृंदा जिना चढून आली, धपकन बसली आणि म्हणाली, "हा मेला गुडघा तुझ्याकडे." मी म्हटलं, "माझ्याकडे." ती म्हणाली, "तुझ्याकडे." आणि झालं.

शनिवारी मी लंगडत माळावर गेले. कॅप्टननी पायाकडे बघितलं.

"हा कुणाचा?"

"मैत्रिणीचा."

"तिन्ही वाक्यं झाली?"

"हो."

"मग आता तुमचाच. लॉगबुकात लिहून ठेवा."

"परत देता येत नाही?"

"येतं की. तिनं 'माझ्याकडे' म्हणायला हवं."

वृंदा कसली म्हणतेय! सज्जनगडाच्या सगळ्या पायऱ्या चढून आली होती. "हात जोडते बाई तुला," ती फोनवर म्हणाली, "एवढं सोडून काय हवं ते माग." मीही मग फार ताणलं नाही. गुडघ्यानं माणूस मरत नाही.

पुढच्या गुरुवारी वृंदा आलीच नाही, फिरायला गेली होती. आम्ही दोघीच होतो. शरयूचा चहा गार झालेला.

"नीला, मृण्मयीला घेशील?"

"म्हणजे काय?"

"एक दुपारभर गं. मला जरा झोपायचंय."

"वेडी आहेस का तू? तोंड मिट."

"मृण्मयी तुझ्याकडे," ती म्हणाली.

मी ओठ घट्ट मिटून घेतले. पण वर, तीन हजार फुटांवर, समोरचा "तुमच्याकडे" म्हणाला आणि आपण गप्प बसलो, तर विमान बेवारशी उडतं. गप्प बसायचं नाही हे माझ्या अंगात भिनलं होतं. तोंड आपोआप बोललं, "माझ्याकडे."

"तुझ्याकडे," शरयू लगेच म्हणाली. घरी सराव करून आली होती.

ती माझ्या दिवाणावर सात वाजेपर्यंत झोपली. उठली, गरम चहा प्यायली, वर आणखी अर्धा कप मागितला. मग फोन उघडून बघत राहिली.

"नीला, माझ्या फोनवर ही कोण पोरगी आहे गं? दिसायला गोड आहे."

फोनवर मृण्मयीचा फोटो होता. ती चपला घालून, काहीतरी गुणगुणत जिना उतरून गेली. दार लावून वळले तर मृण्मयी न्हाणीघरातून ओले केस पुसत बाहेर आली.

"मावशी, आई गेली पण?"

ती एकोणीसचीच होती. पोह्यातले शेंगदाणे वेचून बाजूला काढायची, ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची, माझ्या नंबरच्या चष्म्यातून बघून डोकं धरायची. फक्त तिचं कपाळ तापलेलं असायचं. मी थर्मामीटर लावला की एकशे तीन. सकाळी एकशे तीन, दुपारी एकशे तीन. "मला काही होत नाहीये," ती म्हणायची, आणि खरंच काही होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिचं कपाट आलं. मग टेबल, गाद्या, कॉलेजची सॅक, दहावीच्या निकालाच्या दिवशी काढलेला मोठा फोटो. शुक्रवारपासून मंगळवारपर्यंत एकेक वस्तू शरयूच्या घरातून माझ्या घरी येत होती. बुधवारी सलाइनचा स्टँड लावलेली लोखंडी खाट आली आणि दिवाणखाना संपला. मला गॅसच्या ओट्यापाशी उभं राहण्यापुरती जागा उरली. मी तिथंच जेवायचे, तिथंच भिंतीला टेकून झोपायचे.

खोटं कशाला बोलू, मला आवडायला लागलं होतं. दुकानातून घरी यायला कुणी सांगणारं नव्हतं इतकी वर्षं. आता मृण्मयी फोन करायची, "मावशी, येताना भेळ आण." मी दुकान लवकर बंद करायला लागले. आणि शरयू? गुरुवारी आता आम्ही वृंदाकडे जमायचो, तिथं शरयू पुन्हा झाडं आणायला लागली होती. केस रंगवले होते. मला दोघींचंही बरं दिसत होतं, मग बिघडलं कुठं?

बिघडलं ते मृण्मयीनं सांगितलं. "मला आईकडे ने," ती म्हणाली. रोज म्हणायला लागली. शेवटी नेलं.

शरयूनं दार उघडलं. "ये गं नीला! आणि ही कोण? भाची का तुझी?"

"आई," मृण्मयी म्हणाली.

"आई बाहेरगावी आहे का बाळा? बस ना. केवढी तापलीयस तू! नीला, डॉक्टरला दाखवलंस का हिला?" शरयूनं तिला बेसनाचा लाडू दिला, झाडं दाखवली, निघताना गालावरून हात फिरवला. कुणाच्याही पोरीच्या गालावरून फिरवतो तसा. मृण्मयी जिन्यात लाडू हातात धरून उभी राहिली. तिला रडता येत नव्हतं. मीच रडले, जिन्यातच, शेजारच्या दाराला टेकून.

"सांग ना आईला, मी तिची आहे म्हणून."

"सांगितलं तर पुन्हा चहा गार करत बसेल ती. चार वर्षं बघितलंय मी."

"बसू दे," मृण्मयी म्हणाली. "माझी आई आहे ती."



त्याच आठवड्यातल्या रविवारी सकाळी माझं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. त्या दिवशी शिकणाऱ्याची माणसं माळावर बोलवायची पद्धत आहे. एक वॉकीटॉकी खालच्यांकडे देतात, म्हणजे वर गेलेल्याशी चार शब्द बोलता येतात. वृंदा आली, शरयू लाडवांचा डबा घेऊन आली. धावपट्टीवरच्या शेळ्या जीपनं हाकलून झाल्या. कॅप्टन विमानातून उतरले. त्यांची सीट रिकामी झाल्यावर तिचा पट्टा बांधून ठेवावा लागतो, नाहीतर तो दांडीत अडकतो. तोवर मृण्मयी तिथं येऊन बसली होती. त्यांनी आत वाकून पट्टा बांधला.

"घट्ट बसतोय," ते म्हणाले. "कोण आहे?"

"मैत्रिणीची."

"नीलाताई, एकटीनं म्हणजे एकटीनं. दुसऱ्याचं माणूस घेऊन उतरता येत नाही. चाकं टेकत नाहीत."

"मग आत्ताच देऊन टाकते."

त्यांनी शरयूकडे बघितलं. ती वृंदाला लाडू भरवत होती. "इथून नको," ते म्हणाले. "इथं तिला तुमचा चेहरा दिसेल. घाबरेल आणि घेणार नाही ती. वरून द्या."

मी वर गेले. शिकवणारा उतरला की विमान हलकं होऊन झपकन चढतं, असं सगळे सांगतात. माझं चढलं नाही तसं. मृण्मयीच्या बाजूची काच तिच्या तापानं धुरकट झाली होती. ती बोटानं पुसून पुसून खाली बघत होती.

आठशे फुटांवर वॉकीटॉकीचा आवाज आला. आधी वृंदा. "नीले, पडू नकोस गं बाई!" मग शरयू. "किती छान दिसतंय गं खालून! लवकर ये, वृंदा डबा फस्त करतेय." ती हसत होती. चार वर्षं मी या हसण्यासाठी गुरुवार काढले होते.

"बोल ना मावशी," मृण्मयी म्हणाली.

मी एक फेरी घेतली. मग दुसरी घेतली. मला हे द्यायचं नव्हतं. शरयूला ते दुःख द्यायचं नव्हतं आणि ही पोर तर मुळीच द्यायची नव्हती. पण ती सारखी काच पुसत होती. मी बोलायचं बटण दाबलं.

"शरयू, मृण्मयी तुझ्याकडे."

तिला वाटलं आमचा किटलीचा खेळ. "माझ्याकडे!" ती खिदळत म्हणाली.

ते खिदळणं मधेच तुटलं. डबा खाली पडल्याचा आवाज आला.

"नीला." हा आवाज मला ओळखीचा होता. "नीला, माझी पोर वर काय करतेय?"

तिसरं वाक्य माझं होतं, आणि तोवर मृण्मयी दोघींची होती. तेवढं उच्चारलं की झालं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. माझ्या हातातली दांडी खालच्या दिशेला ओढली जायला लागली, आणि मी ती वर ओढून धरली. विमान थरथरायला लागलं. मी वळून धावपट्टीच्या रेषेत आले. पाचशे फूट. चारशे.

शरयू धावपट्टीच्या मधोमध आली होती. वृंदा आणि कॅप्टन तिच्यामागे पळत होते, पण ते फार लांब होते. तिनं गळ्यातली ओढणी काढून दोन्ही हातांत ताणून धरली होती. चेहरा वर. दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं, असं करत ती नेमकी आमच्या खाली यायला बघत होती. त्या माळावर उतरायला दुसरी जागा नाही.

मी बटणावर अंगठा ठेवला.

"आई, थोडी डावीकडे," मृण्मयी म्हणाली, आणि शेजारच्या सीटचा पट्टा टक् करून सुटला.