चिंबोरीचं रक्त

उन्नती पाचूबंदरला पोचली तेव्हा मासळीचा लिलाव आटोपत आला होता. तिला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, देणाऱ्या लूर्डसची नेहमीची जागा रिकामी होती. शेजारच्या कोळणीने टोपली उचलता उचलता सांगितलं, "ती कशी येनार? तिच्या नवऱ्याच्या, क्लेमेंटच्या पायाची दोन बोटं कापली ना."

"कशाने?"

"शिंगाळा मासळीचा काटा लागलेला. त्यात त्याला शुगर. डॉक्टरच्या गोळ्या सोडून जखमेवर चिंबोरीचं रक्त लावत बसला." बोलता बोलता ती थांबली आणि उन्नतीकडे निरखून पाहू लागली. "तूच ना ती, विडिओतली?"

उन्नती तशीच मागे वळली आणि रिक्षात बसली.

गेली काही वर्षं ती मुंबईच्या एका प्रयोगशाळेत चिंबोरीच्या रक्तावर काम करत होती. त्या रक्तात प्रथिनांचे बारीक तुकडे असतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. जंतूच्या अंगावरचं आवरणच ते भोसकून टाकतात, त्यामुळे ज्या जंतूंना नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडेनाशी झाली आहेत, त्यांतले काही या तुकड्यांनी मरतात. मरतात ते काचेच्या बशीत. माणसाच्या अंगात हे तुकडे लगेच विरघळून जातात, आणि जास्त दिले तर माणसाच्याच पेशींना इजा करतात. त्यातून वाट कशी काढायची, हेच तर तिचं काम होतं. त्यासाठी जिवंत चिंबोऱ्या लागत आणि त्या लूर्डस निवडून देई.

मग वसईतल्या तिच्या सोसायटीने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, समोर आईवडील, खुर्च्या भरलेल्या. बशीतली गोष्ट सांगून झाल्यावर लोक नुसते बघत राहिले होते. तेव्हा तिने आवाज चढवला होता, "उद्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांची गरजच राहणार नाही. औषध आपल्या पाचूबंदरच्या चिंबोरीत आहे!" टाळ्या थांबेनात. भाषणाच्या व्हिडिओतला तो भाग तिनेच लूर्डसला पाठवला होता, खाली लिहून: मावशी, तुमचंही नाव घेतलंय.

घरी येऊन तिने दार लावलं आणि तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. लावा असं मी कुठे म्हटलं, हा पहिला विचार. खरंच म्हटलं नव्हतं. पण टाळ्यांच्या वेळचा स्वतःचा हसरा चेहरा बघताना तिच्या कानशिलांपर्यंत गरम झालं. ते वाक्य खोटं आहे हे सत्काराला जमलेल्यांत फक्त तिलाच ठाऊक होतं. जेवायला बसली तेव्हा वडिलांनी विचारलं, "आज चिंबोऱ्या नाही आणल्यास?" ती म्हणाली, "मिळाल्या नाहीत," आणि घास तोंडातच घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी मात्र ती लूर्डसच्या घरी गेली.

लूर्डसने दार उघडलं. ती दाराजवळच उभी राहिली. आत क्लेमेंट खाटेवर पाय लांब करून बसला होता, पायाला पांढरं बँडेज. उन्नतीला पाहताच तो घाईघाईने चादर पायावर ओढू लागला.

"ये बाय, ये. मला तुला तोंड दाखवायची लाज वाटते बघ."

"तुम्हाला? का, काका?"

"तुझं औषध मी वाया घालवलं. लोक आता तुझ्या नावाने बोलतात. माझंच काहीतरी चुकलं. रक्त ताजंच घेत होतो, अगदी जिवंत चिंबोरीचं. कमी लावलं का? का बांधायला नको होतं?"

उन्नतीला वाटलं, या माणसाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिला सोपी वाट दिसतही होती. हो काका, पद्धत चुकली, एवढं म्हटलं की तिचा शब्द राहणार होता, आणि तो बिचारा मानही डोलावणार होता.

"तुमचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "ते औषध नाहीच आहे, काका."

"म्हंजे?"

"त्या रक्तातला एक कण आम्ही वेगळा काढतो, साफ करतो, तेव्हा तो बशीतले जंतू मारतो. माणसावर अजून कुणीच वापरलेला नाही. नुसत्या रक्तात समुद्राचे जंतूच जास्त. ते तुमच्या जखमेत गेले असतील. तुमचं औषध त्या डॉक्टरांच्या गोळ्याच होत्या. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी तसं बोलले."

"का?" हे लूर्डसने विचारलं. दाराजवळूनच.

"टाळ्या हव्या होत्या."

मग लूर्डस म्हणाली, "तो पहिल्यांदा गोळ्या घेतच होता. मीच त्याला तुझा विडिओ दाखवला. माझं नाव होतं ना त्यात. सगळ्या गल्लीला दाखवला." तिने पदराने तोंड पुसलं. "आता गल्लीत कुनाकुनाला सांगू, की खोटं होतं?"

"मी सांगते," उन्नती म्हणाली.

रविवारी मिसाची प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारात फादरनी तिला बोलू दिलं. शाल नव्हती, माइक नव्हता. माणसं घरी जायच्या घाईत, तरी क्लेमेंटला आधार देऊन आणून खुर्चीवर बसवलेलं पाहून थांबली. तिने सगळं सांगितलं, स्वतःचं वाक्य होतं तसं म्हणून दाखवलं आणि ते खोटं होतं असंही सांगितलं. डॉक्टरांच्या गोळ्या अर्ध्यावर सोडू नका, म्हणाली. बोलताना तिची नजर जमिनीवरून वर येत नव्हती.

मागून कुणीतरी हसलं. एक म्हातारा म्हणाला, "शिकलेली मानसं पन थापा मारतात तर." तिने होकारार्थी मान हलवली.

मग एका बाईने विचारलं, "म्हंजे तुझ्या त्या कणाचा काही उपयोग नाहीच?"

"होईलही. वर्षं लागतील. कदाचित नाही होणार. मला अजून माहीत नाही."

या वेळी टाळी वाजली नाही. माणसं पांगली. लूर्डसने क्लेमेंटला एका बाजूने धरलं. उन्नती पुढे झाली आणि तिने दुसरी बाजू धरली. लूर्डसने तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिचा हात दूरही सारला नाही. तिघं हळूहळू रस्त्याला लागली.