धरलेला श्वास

दादाचे डोळे पिवळेधमक झाले होते, पण तोंडाचा पट्टा चालूच होता. "घराला हाच रंग द्यायचाय, आधी माझ्यावर नमुना बघितला," असं म्हणत तो एमआरआयच्या खोलीत आला. तपासणी उपाशीपोटी, म्हणून सकाळपासून त्याने बायकोचं डोकं खाल्लं होतं.

यंत्र चालवणारी त्याची सख्खी बहीण. चाळिशी उलटली तरी त्याच्या लेखी छोटीच. दुसऱ्या कुणाच्या हाती तो पोट द्यायला तयार नव्हता. घरच्या माणसाची तपासणी करू नकोस, असं सहकाऱ्यांनी छोटीला परोपरीने सांगितलं होतं. पण आपला चेहरा आपल्याला आवरता येतो, ही तिची घमेंड.

"छोटे, सुई नाही ना?"

"सुई नाही, नळी नाही. नुसतं पडून राहायचं. मी सांगेन तेव्हा श्वास धरायचा, सोड म्हटलं की सोडायचा. पित्ताच्या नळीत खडा असेल तर दिसेल."

"खडाच असणार. काढला की मी जेवायला मोकळा."

खडाच असू दे, एवढंच तिलाही हवं होतं. खडा काढता येतो.

काचेच्या अलीकडे बसून तिने माइक सुरू केला. "श्वास घे. सोड. आता धर." यंत्र खडखडलं, थांबलं, आणि पडद्यावर चित्र आलं. पित्ताची नळी फुगलेली, स्वादुपिंडाचीही फुगलेली, आणि दोन्ही एकाच जागी कापल्यासारख्या संपलेल्या. खडा कुठेच नव्हता. गाठीने नळ्या दाबल्याचं असं चित्र तिने परक्यांच्या पोटात पुष्कळदा पाहिलं होतं, आणि त्या माणसांचं पुढे काय झालं तेही तिला ठाऊक होतं. ती बघत राहिली.

आतून घंटी वाजली. काही लागलं तर दाबायला हातात दिलेलं बटण दादाने दाबलं होतं.

"सोड, दादा. सोड श्वास."

उरलेली चित्रं तिने कशीबशी काढली, तोंड धुतलं आणि हसत आत गेली. "झालं बघ. रिपोर्ट काय तो डॉक्टर सांगतील."

दादा यंत्राच्या टेबलावर बसून शर्टाची बटणं लावत होता. "खडा नाही ना?"

"मी कुठं डॉक्टर आहे?"

"हसतेस छान. पण मला श्वास सोडायला सांगायचं विसरलीस, छोटे. एवढ्या वर्षांत कधी कुणाला विसरलीस?"

ती दाराकडे वळली.

"तुझी वहिनी बाहेर बसलीय," तो म्हणाला. "आज तिला खडाच सांगू."

ती दार उघडून उभी राहिली. दादा मात्र जागचा उठला नाही.